घाट उतरताना सेकंड गिअर निसटतो? जुन्या जीपचा तीन गिअरचा बॉक्स उघडून नीट करण्याची पद्धत

वरंधा घाटातून महाडकडे उतरत होतो. सेकंड टाकलेला, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला, गाडी इंजिनच्या ब्रेकवर निवांत उतरत होती. एका वळणावर लिव्हर माझ्या गुडघ्यापाशी खट्‌कन मागे आला आणि गाडी न्यूट्रलमध्ये सुटली. पुढची तीन वळणं नुसत्या ब्रेकवर काढली. खाली उतरून थांबलो तेव्हा चारही ड्रमना लायनिंग जळल्याचा वास येत होता.

वाईट याचं वाटलं की त्याच जीपचा गिअरबॉक्स चार महिन्यांपूर्वी एका गॅरेजात उघडून घेतला होता. सेकंड गिअर नवा, सिंक्रोच्या (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या यंत्रणेच्या) रिंगा नव्या, बिलही भरपूर. खरं दुखणं मात्र एक नट ढिला असण्याचं होतं, आणि तो गिअरबॉक्सच्या आत नव्हताच. त्यानंतर तो बॉक्स मी स्वतः उघडला, पुढे ओळखीच्यांचेही काही उघडले. या बॉक्सचे दात सहसा तुटत नाहीत. तो बिघडतो तो प्ले, म्हणजे भागांमधली मोकळीक, वाढल्याने. म्हणून आधी मोजायचं आणि मग पार्ट आणायचे, हा क्रम सोडू नका.

हा बॉक्स कोणता

लष्करी विलीज जीपमध्ये टी-84 नावाचा बॉक्स होता. 1945 साली नागरी सीजे-2ए आली तेव्हा तिच्यात त्याहून दणकट टी-90 बसला आणि पुढे सीजे-3ए, सीजे-3बी या मॉडेलांतही तोच राहिला. महिंद्राने मुंबईत मझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली ती 1940च्या दशकाच्या शेवटी. आपल्याकडच्या उंच बॉनेटच्या जुन्या पेट्रोल जीप त्याच घराण्यातल्या.

तीन गिअर पुढचे, एक रिव्हर्स. डावीकडे पुढे रिव्हर्स, डावीकडे मागे फर्स्ट, उजवीकडे पुढे सेकंड, उजवीकडे मागे थर्ड. आत येणारा शाफ्ट किती वेळा फिरल्यावर बाहेरचा एकदा फिरतो, ते असं: फर्स्ट 2.798, सेकंड 1.551, थर्ड सरळ 1, रिव्हर्स 3.798. सिंक्रो फक्त सेकंड आणि थर्डला आहे. फर्स्टचा गिअर मेनशाफ्टवर (ताकद बाहेर नेणाऱ्या शाफ्टवर) सरकत जाऊन थेट दातात दात घालतो, त्यामुळे चालत्या गाडीत फर्स्ट टाकताना कर्रकन आवाज आला तर बॉक्सला दोष देऊ नका, डबल क्लच (न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबणं) मारायला शिका.

उघडण्याआधी गाडीला बोलू द्या

अर्धं निदान पाना हातात घेण्याआधी होतं. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, क्लचवरून पाय काढलेला. घुर्र आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो? मग क्लच शाफ्टचं (इंजिनकडून ताकद आत आणणाऱ्या शाफ्टचं) बेअरिंग किंवा लेशाफ्टचे (खालच्या, गिअरसमूहाच्या शाफ्टचे) सुई रोलर गेले. फर्स्ट-सेकंडमध्ये गाडी रडते आणि थर्डमध्ये शांत होते? थर्डमध्ये ताकद क्लच शाफ्टमधून सरळ मेनशाफ्टला जाते, लेशाफ्टवर भार नसतो. म्हणजे दुखणं लेशाफ्टचं. सेकंड टाकताना कर्र वाजतो पण टाकल्यावर टिकतो, तर पितळी सिंक्रो रिंग गुळगुळीत झाली. उभ्या गाडीत क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबूनही रिव्हर्स वाजतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही. त्यासाठी गिअरबॉक्स उघडू नका. क्लचचं सेटिंग आणि क्रँकच्या टोकातला, क्लच शाफ्टला आधार देणारा पायलट बुश बघा.

आणि सेकंड निसटत असेल तर नीट वाचा. सेकंडचे दात तिरके आहेत. तिरक्या दातांवर भार आला की गिअर फिरतो तसा आडवाही ढकलला जातो. चढावर तो एका बाजूला ढकलला जातो, उतारावर पाय काढला की भार उलटा होतो आणि तो दुसऱ्या बाजूला ढकलला जातो. सगळं घट्ट असेल तर हे कळतही नाही. पण मेनशाफ्ट किंवा लेशाफ्ट पुढे-मागे हलत असेल तर प्रत्येक वेळी पाय काढल्यावर गिअर एक धक्का खातो, दर धक्क्याला सिंक्रोची सरकती स्लीव्ह सेकंडपासून केसभर दूर जाते, आणि एका वळणावर सुटून जाते. म्हणून चढावर नीट असलेला सेकंड घाट उतरताना निसटतो.

आता तो नट. मेनशाफ्टचं मागचं टोक गिअरबॉक्समधून बाहेर पडून ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत) शिरतं. तिथे त्यावर एक गिअर बसतो आणि तो खाचांच्या नटाने आवळलेला असतो, स्प्लिट पिनसकट. हाच नट गिअर, मागचं बेअरिंग आणि मेनशाफ्ट एकत्र धरून ठेवतो. तो ढिला झाला की अख्खा मेनशाफ्ट पुढे-मागे झुलतो. ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला, मेनशाफ्टच्या रेषेत एक गोल झाकण असतं. गाडीखाली झोपून तेवढं काढा, खाली डबा धरा, तेल येईल. माझ्या गाडीत नट बोटांनी फिरत होता. आतल्या पिनचा निम्मा तुकडा झाकणाच्या तळाशी पडला होता, दाताच्या काडीएवढा, टोकाशी घासून चकचकीत झालेला. पहिल्या खेपेला कोणी हे झाकण उघडलं असतं तर माझे पैसे आणि तो घाट दोन्ही वाचले असते.

तुमचा नट घट्ट असेल, तरच पुढचं वाचायचं.

उतरवणे

जागा सपाट हवी. एक गोष्ट लोक हमखास विसरतात: या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे असलेल्या ड्रमवर असतो. मागचा प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा) सोडला की हँडब्रेक ओढलेला असला तरी गाडी घरंगळू शकते. गिअरही तिला धरत नाही. चारही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावल्याशिवाय खाली शिरू नका.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस दोन्हींचं तेल काढा, शक्य तर गाडी थोडी फिरवून आणल्यावर. तेल पांढऱ्या ताटलीत ओता आणि उन्हात धरा. ड्रेन प्लगवर काळी मऊ पेस्ट असेल तर ते नेहमीचं झिजणं. सोनेरी चमक पितळी रिंगांची किंवा काशाच्या थ्रस्ट वायसरची (पुढे-मागे हालचाल रोखणाऱ्या चकतीची). चुंबकाला चिकटणारी खपली किंवा सुईचा तुकडा सापडला तर आत काहीतरी फुटलंय आणि आता नुसतं बेअरिंग बदलून भागणार नाही.

मग वरचं काम: फ्लोअरची पाटी, गिअर लिव्हरचं टॉवर, ट्रान्सफरचे दोन लिव्हर. टॉवर उचलताना सिलेक्टर फोर्क (गिअर सरकवणारे काटे) त्याच्यासोबत वर येतात. खालून दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेकची केबल, क्लचची जोडणी. सोडलेल्या प्रत्येक गोष्टीचा मोबाइलवर फोटो काढा. बोल्ट जिथला असेल तिथे परत हाताने अडकवून ठेवा, वाटीत सगळे एकत्र टाकू नका.

इंजिनच्या मागच्या भागाखाली लाकडी फळी ठेवून जॅक लावा, कारण क्रॉसमेंबर सोडला की इंजिन मागे झुकतं. बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं कवच) इंजिनवरच राहू द्या. गिअरबॉक्स त्याला चार बोल्टांनी धरलेला आहे. दोन बोल्ट काढून त्यांच्या जागी डोकी कापलेले लांब बोल्ट घाला, म्हणजे बॉक्स त्यांच्यावरून सरळ मागे सरकेल आणि क्लच प्लेटवर लटकणार नाही. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस जोडीने उतरवायचं हे एकट्याचं काम नाही. दोघं आणि दुसरा जॅक हवाच.

दोन भाग वेगळे करणे

इथे एक जुनी युक्ती आहे आणि ती टाळू नका. ट्रान्सफर केस वेगळी करताना मेनशाफ्ट तिच्याबरोबर मागे ओढला जातो आणि आतली जुळणी कोसळते. म्हणून वरच्या तोंडातून सेकंड गिअरच्या लगेच मागे मेनशाफ्टला तारेचा फास घाला आणि तारेची दोन टोकं टॉवरच्या पुढच्या दोन बोल्टांना आवळून बांधा. मग मागचा नट काढा, ट्रान्सफरचा गिअर पुलरने सोडवा, जोडणारे बोल्ट काढा आणि केस हलक्या ठोक्यांनी मागे घ्या. ठोका नेहमी पितळेच्या सुंब्याने. पोलादी सुंब्याने शाफ्टच्या टोकाचे आटे बसले की तो शाफ्ट भंगारात जातो.

आता मोजा

काही काढण्याआधी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या आणि लेशाफ्टचा गिअरसमूह (मिस्त्री याला क्लस्टर म्हणतात) एका बाजूला ढकलून वायसर आणि केसमधली फट बघा. ती 0.012 ते 0.018 इंच, म्हणजे साधारण 0.30 ते 0.46 मिलिमीटर हवी. जास्त असेल तर थ्रस्ट वायसर झिजलेत. ही फट मागच्या पोलादी वायसरच्या जाडीने साधायची असते, म्हणून दुकानातून एकाच जाडीचा वायसर आणू नका, दोन-तीन जाड्यांचे आणा. आकडा वहीत लिहा. मी केसवरच खडूने लिहितो, दुसऱ्या दिवशी वही सापडत नाही.

मग पुढचा बेअरिंग रिटेनर काढा. त्याच्या तळाशी तेल परत जायची वाट आहे. ती केसच्या कोणत्या भोकासमोर होती ते लक्षात ठेवा. केसच्या मागे लेशाफ्टच्या आणि रिव्हर्स आयडलरच्या (रिव्हर्ससाठी दिशा उलटवणाऱ्या गिअरच्या) पिनच्या खाचांत अडकलेली एक लॉक प्लेट असते, ती काढा.

क्लस्टर काढायला एक खोटा शाफ्ट लागतो. खऱ्या शाफ्टपेक्षा किंचित बारीक आणि क्लस्टरइतकाच लांब, साध्या पोलादाचा किंवा चांगल्या लाकडाचा. कोणताही टर्नर पंधरा मिनिटांत करून देतो. तो पुढून घालून खरा शाफ्ट मागे ठोकत न्या. क्लस्टर सुई रोलरांसकट खाली बसतो. खोटा शाफ्ट नसेल तर सगळे रोलर केसच्या तळाशी सांडतील आणि त्यातला एक तरी ड्रेनच्या कोपऱ्यात लपेल. सांडले नाहीत तरी रोलर मोजा आणि आकडा लिहा. जोडताना तेवढेच हवेत.

क्लस्टर खाली गेल्यावर क्लच शाफ्ट बेअरिंगसकट पुढून ओढून घ्या. त्याच्या पोटात मेनशाफ्टच्या टोकाचे रोलर असतात, हाताची ओंजळ खाली धरा. मग मेनशाफ्ट गिअरांसह वरच्या तोंडातून तिरका करून बाहेर, त्यामागून क्लस्टर, शेवटी रिव्हर्स आयडलर. सिंक्रो सोडवण्याआधी हब आणि स्लीव्हवर एकाच रेषेत ठिपका मारा. दोघांची जोडी वर्षानुवर्षं एकत्र घासलेली असते आणि तशीच परत बसली पाहिजे.

काय ठेवायचं, काय टाकायचं

सगळं डिझेलमध्ये धुवा. बेअरिंगवर कॉम्प्रेसरची हवा मारून ते गरगर फिरवण्याची हौस मुलांना असते, करू देऊ नका. कोरडं बेअरिंग तसं फिरवलं की त्याच क्षणी खराब होतं. धुऊन, तेल लावून हातात धरा आणि सावकाश फिरवा. दाण्यासारखं काही लागलं तर बदला. नंबर बेअरिंगच्या कडेवर कोरलेला असतो, तोच मागा. पुढच्या बेअरिंगच्या बाहेरच्या कडेला सर्कलिपची (बेअरिंग जागेवर धरणाऱ्या कड्याची) खाच आहे, ती असलेलंच घ्या.

लेशाफ्टची पिन उजेडात धरा. जिथे रोलर फिरतात तिथे पट्टे दिसतील. त्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर पिन गेली. पिन, रोलर आणि थ्रस्ट वायसर हे तिन्ही मी नेहमी एकत्रच बदलतो. नव्या पिनवर जुने रोलर म्हणजे काही हजार किलोमीटरांत तोच आवाज परत.

सिंक्रोची पितळी रिंग गिअरच्या कोनावर दाबून थोडी फिरवा. चांगली रिंग चावून बसते, उलटी केली तरी पडत नाही. रिंग आणि गिअरच्या दातांमधली फट नव्या रिंगशी ताडून बघा. जुन्या रिंगची फट जवळपास मिटलेली असेल तर ती टाका. रिंगच्या आतल्या बारीक खाचा नखाला धारदार लागायला हव्यात, कारण त्याच तेल कापून कोनाला पकडतात. त्यानंतर स्लीव्हच्या आतले आणि सेकंडच्या बाजूचे छोटे दात बघा. त्यांची टोकं गोल झाली असतील किंवा बाजू तिरकी घासली असेल तर सेकंड निसटण्याचं हे दुसरं मोठं कारण सापडलं. कानस लावून ते दात नीट करता येतात असं सांगणारे भेटतील. वरचा कडक थर गेला की ते दात लोण्यासारखे झिजतात. बदला.

टॉवरमधले फोर्क सपाट पाटीवर ठेवून वाकलेत का बघा, टोकं किती पातळ झालीत तेही. फोर्क ज्यांच्यामुळे सरकतात त्या रेल्सच्या खाचेत बसणाऱ्या गोळ्या आणि त्यांच्या स्प्रिंगा काढताना तोंडावर फडकं धरा, त्या उडून गेल्या की सापडत नाहीत. स्प्रिंग थकलेली असेल तर नवी टाका, किंमत नगण्य आणि फायदा मोठा.

पार्ट कुठे? पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा जुन्या सामानाचा बाजार, दिल्लीत काश्मिरी गेट. जुना पण मूळ गिअर चांगल्या स्थितीत मिळाला तर तो मी नवीन नक्कल मालापेक्षा आधी उचलतो. नवा घ्यायचाच असेल तर जुना सोबत न्या आणि दुकानातच दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून दात मोजा.

डिझेल इंजिन बसवलेल्या जीपसाठी एक वेगळी तपासणी. इंजिन बदलताना बेल हाउसिंगमध्ये ॲडॅप्टर प्लेट घातलेली असते आणि ती जरा जरी तिरकी असली तर क्लच शाफ्ट क्रँकच्या रेषेत बसत नाही. मग कितीही नवे पार्ट घाला, सेकंड निसटतोच. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून इंजिन हाताने एक फेरी फिरवा आणि बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाची कड व तोंडाची सपाटी दोन्ही मोजा. 0.005 इंचापेक्षा जास्त फरक आला तर गिअरबॉक्सवर खर्च करण्याआधी प्लेट लेथवर नीट करून घ्या.

जोडणे

क्रम उलटा. सगळे रोलर ग्रीसमध्ये चिकटवून बसवा. ग्रीस साधं, घट्ट, आणि लागेल तेवढंच. क्लस्टरमध्ये रोलर आणि मध्ये खोटा शाफ्ट, दोन्ही टोकांना ग्रीसने चिकटवलेले थ्रस्ट वायसर, पुढच्या वायसरचा कान केसच्या खाचेत. क्लस्टर केसच्या तळाशी ठेवताना त्याच्या दोन्ही टोकांखालून सुतळीचे फास काढून बाहेर लोंबकळत ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

सिंक्रोच्या हबमध्ये तीन छोट्या पट्ट्या आणि दोन स्प्रिंगा. दोन्ही स्प्रिंगा एकाच दिशेने लावल्या तर पट्ट्यांवर सारखा दाब पडत नाही. त्या एकमेकींच्या उलट दिशेने लावायच्या. मेनशाफ्ट आत, मग क्लच शाफ्ट पुढून, रिंगांच्या खाचा पट्ट्यांवर येतील असं बघत. हा भाग घाईने कधीच होत नाही. खाच जुळली नसताना ठोकलं तर पितळी रिंग तुटते, आणि तुटल्याचा आवाजही येत नाही.

आता सुतळीचे दोन फास वर ओढा. क्लस्टर जागेवर येतो. खरी पिन मागून घाला, ती खोटा शाफ्ट पुढे ढकलत बाहेर काढेल. दोघांची टोकं एकमेकांना टेकलेली ठेवा, मध्ये फट पडली की वायसर खाली पडतो. लॉक प्लेट बसवा, सुतळी कापून काढा आणि तिचा एकही धागा आत राहिला नाही याची खात्री करा. फट पुन्हा मोजा. पुढच्या रिटेनरचं पॅकिंग लावताना तेलाची वाट त्याच भोकासमोर आहे ना बघा. सीलंट चोपडून ती वाट बुजवली तर सगळं तेल क्लचवर येतं.

गाडीखाली नेण्याआधी बाकावर एक हिशेब करा, मला तो फार आवडतो. क्लच शाफ्ट आणि मेनशाफ्ट दोन्हींवर खडूची खूण करा. क्लच शाफ्ट 14 वेळा फिरवला तर मेनशाफ्ट फर्स्टमध्ये 5, सेकंडमध्ये 9 आणि थर्डमध्ये 14 वेळा फिरायला हवा. हाताला कुठेही अडकता कामा नये. सेकंडमध्ये ठेवून मेनशाफ्ट पुढे-मागे ओढून बघा. ट्रान्सफरचा गिअर आणि नट आवळल्यावर हे पुन्हा करा. स्प्लिट पिन कायम नवी. जुनी सरळ करून घातलेली पिन घाटात काय करते ते मी पाहिलं आहे.

तेल आणि पहिले किलोमीटर

बाजारात गिअर ऑइल म्हटलं की जीएल-5 हातात देतात. ते डिफरेन्शियलसाठी उत्तम, पण त्यातले गंधकयुक्त घटक पितळेला खाऊ शकतात. आत पितळी रिंगा आहेत, म्हणून 90 नंबरचं जीएल-4 मागा. गिअरबॉक्सला आणि ट्रान्सफर केसला प्रत्येकी दीड लिटरच्या आसपास लागतं, पण खरं माप बाजूचा लेव्हल प्लग. तिथून तेल वाहायला लागलं की पुरे. या दोघांमध्ये मागच्या बेअरिंगमधून तेल इकडून तिकडे जातं. म्हणून दोन दिवसांनी दोन्हीकडची पातळी पुन्हा बघा, एकीकडे कमी आणि दुसरीकडे जास्त झालेली असेल.

पहिले शंभर किलोमीटर सपाट रस्त्यावर, भार न घालता. सेकंडमध्ये पाय दाबा, सोडा, दाबा, सोडा, आणि लिव्हरवर दोन बोटं नुसती टेकवून ठेवा. लिव्हर थरथरला तर चालेल, मागे सरकायचा प्रयत्न करत असेल तर परत आत जावं लागेल. 500 किलोमीटरवर तेल बदला आणि पुन्हा पांढऱ्या ताटलीत बघा. त्याच वेळी मागचं गोल झाकण काढून नट आणि पिन हाताने तपासा. माझ्या गाडीत ते झाकण आता दर पावसाळ्याआधी निघतं, आणि त्यानंतरच मी वरंध्याला जातो.